धरणावर कोणती बोट चालेल: सेंटर कन्सोल की वॉकअराउंड?

मासेमारीची बोट घ्यायची म्हटलं की माणूस आधी मोबाईलवर व्हिडिओ बघत बसतो. त्यातल्या बहुतेक बोटी समुद्रातल्या. पैठण, येलदरी किंवा माजलगावच्या पाण्यात बोट उतरवणाऱ्याला त्यातलं निम्मं लागूच पडत नाही. आपल्याकडे लाटेपेक्षा ऊन जास्त छळतं, उन्हाळ्यात पाणी लांब आत सरकतं आणि काठावर धक्का नसतो, काळी माती असते. माझं मत आधीच सांगून टाकतो: मराठवाड्यातल्या धरणांवर गळ टाकायला जाणाऱ्या बहुतेकांनी सेंटर कन्सोल (मधोमध स्टीअरिंग असलेली उघडी बोट) घ्यावी, तीही लहान. वॉकअराउंड (पुढं बुटकी केबिन असलेली बोट) घ्यावी असे काही लोक आहेत. ते कोण, हे पुढं येईलच.

पायरी 1: बोटीच्या आधी परवानगी

पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, म्हणजे नाथसागरावर, 1986 पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. तिथं मोटारबोट नेण्याचा विचार असेल तर पैसे मोजण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात जा आणि कुठं, केव्हा, काय चालतं ते लेखी घ्या. हिवाळ्यात रोहित आणि बदकांचे थवे उतरलेले असतात. त्यांच्यात इंजिन घालून ते उडवणाऱ्याला दंड झाला तर मला वाईट वाटणार नाही.

बाकीच्या धरणांवर मासेमारीचा ठेका सहसा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. रोहू-कटल्याचं बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. तुम्ही छंद म्हणून एक-दोन मासे काढणार असाल तरी संस्थेच्या चेअरमनला आधी भेटा. बसून चहा घेतलात तर परवानगीबरोबर आणखी एक गोष्ट पदरात पडते: पाण्याखाली बाभळी कुठं आहेत, जुनं गाव कुठं बुडालंय आणि जाळी कोणत्या बाजूला लावलेली असतात. कोणत्याही नकाशात हे सापडत नाही.

इंजिन लावलेल्या बोटीच्या नोंदणीसाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. बोट विकणाऱ्याकडून कागद काय काय मिळणार हे सौद्याच्या आधी ठरवा, आणि तुमच्या बोटीला काय लागेल ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. ट्रेलरची नोंद आरटीओकडे वेगळी.

पायरी 2: दोन बोटींत फरक काय ते नीट समजून घ्या

सेंटर कन्सोल म्हणजे उघडी बोट. मधोमध एक उभा खोका, त्यावर स्टीअरिंग, गिअरचा दांडा आणि मीटर. खोक्याच्या चारही बाजूंनी सपाट जागा. मासा लागला आणि तो बोटीला वळसा घालून पळाला तर तुम्हीही रॉड धरून त्याच्यामागं गोल फिरू शकता. पुढचं टोक आणि मागचं टोक एकाच पातळीवर असतं, त्यामुळे दोघं दोन टोकांना उभे राहून एकाच वेळी गळ फेकू शकतात.

वॉकअराउंडमध्ये पुढच्या भागात एक बुटकी केबिन असते. आत दोन माणसं आडवी होतील एवढी गादी, सामानाचे कप्पे, कधीकधी छोटा संडास. केबिनच्या दोन्ही अंगांनी अरुंद वाट पुढच्या टोकापर्यंत जाते, ‘वॉकअराउंड’ ती याच अर्थानं. स्टीअरिंगसमोर काच असते, वर छप्पर असतं.

कागदावर दुसरी बोट पहिलीपेक्षा जास्त देते असं वाटतं. पण ती बाजूची वाट बघायला गेलात तर पायातला बूट काढून तिच्यावर आडवा ठेवा. बऱ्याच लहान वॉकअराउंडमध्ये बूट आडवा मावत नाही. वाट जेमतेम वीतभर, तीही कमरेच्या उंचीवर, आणि एका हातानं कठडा धरल्याशिवाय चालता येत नाही. म्हणजे रॉडला उरला एक हात. पुढच्या टोकाला पोचलात तरी तिथला लोखंडी कठडा मासा वर घेताना आडवा येतो. पंचवीस फुटांच्या पुढं ही वाट खरंच चालण्यासारखी रुंद होते, पण एवढी बोट धरणावर आणणार कशी?

पायरी 3: पाण्याचा हिशेब करा

जायकवाडीची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. भिंत जवळजवळ 10 किलोमीटर लांब, दरवाजे 27. पूर्ण भरलं की पाणी सुमारे 350 चौरस किलोमीटरवर पसरतं आणि साठा 102 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास जातो. आता याचा भागाकार करून बघा. एवढं अवाढव्य धरण, पण सरासरी खोली जेमतेम 8 मीटर निघते. गोदावरीचं खोरं सपाट आहे, म्हणून पाणी खोल न होता पसरलं. त्यातला 26 टीएमसी हा मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी त्या दिशेनं उतरायला लागलं की जिथं नोव्हेंबरमध्ये तुम्ही बोट पळवली तिथं मे महिन्यात शेतकरी गाळपेर करत असतो.

उथळ पाण्यात बोटीला किती पाणी लागतं हा सगळ्यात पहिला प्रश्न. सतरा-अठरा फुटी सेंटर कन्सोल इंजिन वर उचललं तर फूटभर पाण्यात तरंगते. वीस-एकवीस फुटी वॉकअराउंडला दीड फूट तरी हवं, आणि इंजिन खाली असताना दोन्हींना अडीच-तीन फुटांची सोय ठेवावी लागते. बोटीचा तळ हाही त्यातलाच भाग. खोल ‘व्ही’ आकाराचा तळ समुद्राच्या लाटा कापायला असतो. थांबलेल्या बोटीत तो डुलतो आणि पाणीही जास्त मागतो. धरणासाठी मागच्या बाजूला उथळ होत जाणारा ‘व्ही’ पुरे: मागच्या टोकाला 12 ते 16 अंशांचा कोन असेल तर वाऱ्यातही बरं चालतं आणि उभं राहिल्यावर पाय स्थिर राहतात. वॉकअराउंड बहुतेक समुद्रासाठीच बनतात, त्यामुळे त्यांचे तळ जास्त खोल असतात.

लहान धरणांबद्दल तर बोलायलाच नको. मांजरा धरण आटलं आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते कोण विसरेल? मांजरा, निम्न तेरणा, सीना-कोळेगाव यांच्या भरवशावर मोठी बोट घेतली तर ती काही वर्षं अंगणातच उभी राहील. या पाण्यांसाठी बारा-चौदा फुटांची, मागं बसून हातानं वळवायच्या छोट्या इंजिनची उघडी बोट घ्या. तिला कन्सोलही नको.

पायरी 4: वारं कुठून येतं

नाथसागराचा पसारा भिंतीपासून पश्चिमेकडं, नेवासा-कायगावच्या दिशेनं आहे. पावसाळ्यातलं वारं पश्चिमेचंच. म्हणजे त्याला पाण्यावरून पळायला कित्येक किलोमीटरची मोकळी वाट मिळते आणि लाट येऊन आदळते ती पैठणच्या बाजूला. उथळ पाण्यातली लाट उंच नसते, पण आखूड असते. एकीवरून उतरेपर्यंत दुसरी पुढ्यात. बोट सारखी आपटत राहते.

अशा वाऱ्यात वॉकअराउंडची केबिन शिडासारखं काम करते. इंजिन बंद करून बोट वाऱ्यावर सोडली, की पुढचं टोक वाऱ्याबरोबर फिरतं आणि बोट तिरकी वाहत जाते. नांगर टाकला तरी डावीकडून उजवीकडं झोके घेत राहते आणि तुमची दोरी कधी इंजिनच्या पंख्याखाली जाते, कधी शेजारच्याच्या दोरीत. सेंटर कन्सोल वाऱ्याला कमी अंग देते. पुढं बॅटरीवरची छोटी ट्रोलिंग मोटर लावली तर पाणवनस्पतीच्या कडेनं, मरळ बसते तिथं, हळूहळू सरकता येतं. हलक्या बोटीला ती मोटर पुरते. दोन टनांच्या बोटीला वारं असताना पुरत नाही.

वीज चमकायला लागली तर कोणत्याही बोटीत थांबू नका. फायबरची केबिन विजेपासून वाचवत नाही. एप्रिल-मेमधल्या अवकाळीत दुपारनंतर आभाळ भरून आलं की काठ गाठायचा, आणि इथं हलकी बोट लवकर पोचते.

पायरी 5: सावली

वॉकअराउंडच्या बाजूनं लोक नेहमी एकच गोष्ट पुढं करतात: केबिन आहे, ऊन-पावसात आसरा. पावसाचं मान्य. उन्हाचं मात्र आपल्या हवेत उलटं होतं. 42 अंशांत दुपारी त्या बुटक्या केबिनचं दार उघडून आत डोकं घाला. उन्हात उभ्या केलेल्या कंटेनरमध्ये शिरल्यासारखं होतं. आत कोणी झोपत नाही. तिथं शेवटी जॅकेटं, दोऱ्या आणि वितळलेली चॉकलेटं पडून राहतात.

आपल्याला हवी असते वरून सावली आणि चारही बाजूंनी वारं. सेंटर कन्सोलवर पाइपांच्या चौकटीचं छप्पर बसतं, त्याला टी-टॉप म्हणतात. पक्क्या फायबरचं छप्पर महाग आणि जड, कापडाचं हलकं. मी कापडाचंच घ्या म्हणेन, कारण वादळी वाऱ्यात ते काढून गुंडाळता येतं. घेताना दोन गोष्टी बघा: चौकटीचे पाय कन्सोलला चिकटून आहेत का, म्हणजे बाजूनं फिरायची वाट मोकळी राहते, आणि उभ्या माणसाचा रॉड मागं नेताना छपराला अडकतो का. दुसरी गोष्ट दुकानात नुसती बघून कळत नाही. आपला रॉड बरोबर न्या आणि फेकायचा आव आणून बघा. विकणारा हसला तर हसू दे.

पाणी प्यायचं किती न्यायचं हा बोटीचा मुद्दा नाही, पण माणशी तीन लिटरच्या खाली जाऊ नका.

पायरी 6: बरोबर कोण येणार

खरी वॉकअराउंड लागते ती इथं. बायको-मुलं, आई-वडील बरोबर येणार असतील, दिवसभर पाण्यावर राहायचं असेल, तर कपडे बदलायला आणि संडासला आडोसा लागतो. उघड्या बोटीत बायकांची जी पंचाईत होते ती पुरुषमंडळी बोट घेताना विचारातच घेत नाहीत. दुसऱ्या ट्रीपपासून घरचं कोणी येत नाही, मग म्हणायचं यांना आवड नाही. बावीस फुटांच्या वरच्या काही सेंटर कन्सोलमध्ये त्या मधल्या खोक्यातच छोटा संडास बसवलेला असतो. पण त्याच्यात उभं राहता येत नाही आणि दाराला कडी धड नसते, हे बघून घ्या.

दुसरे लोक म्हणजे ज्यांची बोट वर्षातले काही महिने कोकणात जाणार आहे. दापोली-मालवणच्या समुद्रात पहाटे थंड वाऱ्यात बाहेर पडायचं, रात्री उशिरा परतायचं, तिथं काच आणि केबिन कामाला येते. मात्र 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तो काळ धरून नियोजन करा.

माणसं किती बसवायची यासाठी अमेरिकेत लहान बोटींसाठी एक सोपा ठोकताळा वापरतात: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले 15. सतरा फूट लांब, साडेसहा फूट रुंद बोट म्हणजे सात माणसं. हा आकडा शांत पाण्यातला आणि बसलेल्या माणसांचा आहे. गळ टाकणारी माणसं उभी असतात आणि मासा लागला की सगळी एका बाजूला धावतात. त्याच बोटीत चार पुरे. जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवं, बाकाखाली नको, आणि पोरांचं जॅकेट पोरांच्या मापाचं.

पायरी 7: काठ, माती आणि ट्रेलर

बोटीची लांबी ठरवण्याआधी ती पाण्यात उतरवणार कुठून हे जाऊन बघा, आणि फेब्रुवारीनंतर बघा. भरलेल्या धरणाचा काठ सगळ्यांनाच छान दिसतो. पाणी उतरलं की मागं राहते ती काळी माती: वरून वाळलेली, भेगाळलेली, चालत गेलात तर कडक वाटते. ट्रेलरचं चाक तिच्यावर चढलं की पापुद्रा फुटतो आणि खाली लोण्यासारखा चिखल. चाक आसापर्यंत जातं. मग गावातला ट्रॅक्टर बोलवायचा आणि तो मागेल ते द्यायचं.

सतरा फुटी सेंटर कन्सोल इंजिन-पेट्रोलसह टनाच्या आसपास भरते. एकवीस फुटी वॉकअराउंड पावणेदोन-दोन टनांवर जाते, ट्रेलर वेगळा. पहिली बोट चार माणसं आणि एक जीप मिळून चिखलातून काढतात. दुसरीला ट्रॅक्टर लागतोच, आणि तोही मुरूम असलेल्या जागी. म्हणून मुरमाड किंवा खडकाळ उतार शोधून ठेवा, उन्हाळ्याचा वेगळा आणि हिवाळ्याचा वेगळा. धरणाच्या पाण्याचा रोजचा आकडा वर्तमानपत्रात येतो. जायकवाडीची पूर्ण पातळी 1522 फूट. कोणत्या पातळीला कोणता उतार उघडा पडतो हे वहीत लिहीत गेलात तर दुसऱ्या वर्षी फुकटच्या खेपा वाचतात.

पायरी 8: इंजिन

थोडक्यात सांगतो. बोटीच्या मागच्या फळीची उंची मोजा. 15 इंच असेल तर आखूड, 20 इंच असेल तर लांब, 25 इंच असेल तर जास्त लांब शाफ्टचं इंजिन लागतं. चुकीचं बसवलं तर एकतर पंखा हवा खातो, नाहीतर बोट जड चालते. सतरा फुटी उघड्या बोटीला धरणावर 40 ते 60 अश्वशक्ती भरपूर; वॉकअराउंडला 115 च्या खाली समाधान होत नाही, आणि पेट्रोलचं बिल त्याच मापानं. फोर-स्ट्रोक शांत आणि कमी पिणारं. टू-स्ट्रोक हलकं आणि कुठंही दुरुस्त होणारं, पण त्यात ऑइल मिसळायचं कोण विसरलं तर इंजिन गेलं.

आपल्याकडचे तीन शत्रू वेगळे आहेत. ऑगस्टमधलं गढूळ पाणी इंजिन थंड करणाऱ्या पंपाचा रबरी पंखा झिजवतं. पाणवनस्पती पाणी ओढायची जाळी बंद करते. इंजिनमागून बारीक धार पडते तिच्यावर नजर ठेवा, ती थांबली की इंजिन लगेच बंद. आणि तिसरं, भोई मंडळींची जाळी. ओळीनं तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या दिसल्या की लांबून वळा. पंख्यात जाळं अडकलं तर तुमचं इंजिन बंद पडतं, पण त्या माणसाची आठवड्याची कमाई जाते. म्हणून अंधारात वेगानं जायचंच नाही.

पायरी 9: जुनी बोट घेताना

मराठवाड्यात येणाऱ्या बऱ्याचशा बोटी कोकण किंवा गोव्याकडून वापरून आलेल्या. मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, ती आधी तपासा. फायबरच्या आत बहुधा प्लायवूड असतं आणि ते सडतं. पेचकसाच्या मुठीनं ठोकत जा: टणक आवाज आला तर बरं, भद्द आला तर आत पाणी आहे. मग इंजिन वर-खाली हलवून बघा, फळी वाकते का.

समुद्रातल्या इंजिनला, त्याच्याऐवजी गंज खायला, जस्ताचे तुकडे लावलेले असतात. गोड्या पाण्यात त्यांच्यावर पापुद्रा धरतो आणि ते काम थांबवतात. तिथं मॅग्नेशियमचे लागतात. बोट दोन्हीकडं जाणार असेल तर अॅल्युमिनियमचे.

बोटीच्या तळात फोम भरलाय का, हे तर विचाराच. 1961 मध्ये बोस्टन व्हेलर कंपनीचा मालक स्वतः बोटीत बसलेला असताना ती करवतीनं मधोमध कापून दाखवली होती आणि अर्धी बोट तरंगत राहिली, ती फोममुळं. स्वस्तात बांधलेल्या बोटींत फोमच्या जागी कधी कधी थर्माकोल ठोकलेला असतो. थर्माकोलच्या तुकड्यावर पेट्रोलचे दोन थेंब टाका, डोळ्यांदेखत भोक पडतं. टाकीतून गळलेलं पेट्रोल तळात गेलं तर तुमच्या बोटीचं तरंगणं असंच विरघळतं. झाकण उघडायला लावा आणि आत काय आहे ते हातानं चाचपा.

पायरी 10: पाण्यावर नेऊनच पैसे द्या

बयाणा ठीक, पण उरलेली रक्कम चाचणीनंतर. चाचणी वारं असलेल्या दिवशी दुपारी घ्या, सकाळच्या आरशासारख्या पाण्यात कोणतीही बोट छान वाटते. आधी वाऱ्याच्या तोंडावर न्या, मग आडवी न्या, मग इंजिन बंद करून पाच मिनिटं नुसती वाहू द्या आणि ती कशी फिरते ते बघा. सगळ्यांना एका बाजूच्या कठड्याशी उभं करा. वॉकअराउंड असेल तर चालत्या बोटीत त्या बाजूच्या वाटेनं एकदा पुढं जाऊन या, रॉड हातात घेऊन.

शेवटची परीक्षा उभ्या बोटीची. दोन वजनदार माणसं मागच्या कोपऱ्यात उभी करा. डेकवरचं पाणी बाहेर जायला तिथं भोकं असतात. त्या भोकांतून पाणी उलटं आत यायला लागलं आणि थांबलं तर चालेल, रबरी झडपा बसवून घेता येतात. पाणी चढतच राहिलं, घोट्याला लागलं, तर मागचा भाग जड आहे, आणि त्या बोटीचा सौदा काठावर परतेपर्यंत मोडलेला बरा.